मंगळ 'वक्री' का होतो, 'वक्र' का नाही?

प्रश्न असा आहे की मंगळ पुल्लिंगी, मग तो 'वक्री' कसा, आणि वक्र म्हणजे वाकडा तर पंचांगात त्याचा अर्थ 'उलटा चालणारा' कुठून आला.

दुसरा भाग आधी घेतो कारण त्याचं उत्तर थेट महाभारतात सापडतं. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचं खरं सांगून पांडवांकडे ये म्हणतो, तेव्हा कर्ण नकार देतो आणि वर अपशकुनांची यादीच ऐकवतो, त्यात एक आहे 'कृत्वा चाङ्गारको वक्रं ज्येष्ठायाम्', म्हणजे अंगारक (आपला मंगळच) ज्येष्ठेत वक्र करून अनुराधेच्या मागे लागलाय. आता नक्षत्रांचा क्रम आठवा, विशाखा, अनुराधा, मग ज्येष्ठा. सरळ चालणारा ग्रह अनुराधेतून ज्येष्ठेत जाणार, हा तर ज्येष्ठेतून अनुराधेकडे येतोय! म्हणजे वक्र = माघारी फिरणं हा अर्थ तिथेच पक्का झालेला दिसतो.

वाकडा का म्हटलं, तर रोज रात्री ताऱ्यांमधली मंगळाची जागा कागदावर टिंबाने मांडत गेलात तर टिंबं पुढे जातात, मंदावतात, थांबतात, दोन-अडीच महिने मागे येतात आणि परत पुढे, मिळून एक वेटोळं किंवा वाकडी रेघ तयार होते. मंगळ खरा मागे जात नाही, पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकते म्हणून तसं दिसतं, पण डोळ्यांना दिसतो तो वाकडा रस्ताच ना.

व्याकरण सोपं आहे. वरच्या ओळीत 'वक्र' हे नाम आहे, ते वळण ज्याच्याकडे आहे तो वक्रिन्, प्रथमेत वक्री, जसं दंड-दंडी, धन-धनी. म्हणजे हा ईकार स्त्रीलिंगाचा नाहीच. गंमत म्हणजे जुन्या ज्योतिषात मंगळाचं एक नावच 'वक्र' आहे.

भीष्मपर्वात पुढे 'वक्रानुवक्र' असाही शब्द येतो, तिथे श्रवणातला लोहितांग (हाही मंगळच) 'पावकप्रभ', आगीसारखा तेजस्वी म्हटलाय. मला हे विशेषण नुसतं अलंकारिक वाटत नाही, कारण वक्री काळात मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येतो, रात्रभर दिसतो आणि सगळ्यात ठळक असतो. अर्थात त्याच पर्वात तो मघातही वक्र आहे, आणि मघा, ज्येष्ठा, श्रवण या तिन्ही जागा एकाच युद्धाच्या आगेमागे जमणं कठीण, त्यामुळे यावरून युद्धाची तारीख काढणाऱ्यांवर माझा तरी फारसा विश्वास नाही.

आणि हो, सूर्य-चंद्र कधीच वक्री होत नाहीत, त्यामुळे कुणी 'चंद्र वक्री' लिहिलं तर बिनधास्त चूक दाखवा.