जुनी गाडी घेताना : झाकलेला मार आणि अडकलेली मालकी

प्रश्न : सात वर्षं वापरलेली सेडान पाहिली. रंग चकाचक, इंजिनाचा आवाजही छान. विकणारा म्हणतो, ‘फक्त बंपरला टचअप केलाय.’ गाडी जोरात ठोकलेली नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : टचअप कुठे झाला, याच्या मागे फार लागू नका. सात वर्षांत एकदाही घासली नाही अशी गाडी क्वचितच सापडते. बंपर, फेंडर, दार हे भाग बोल्टवर बसतात. ते बदलले म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. शोधायचं ते वेल्डिंगने जोडलेल्या सांगाड्यात : पुढचे-मागचे चेसिस मेंबर, छत पेलणारे पिलर, सस्पेंशनचे टॉवर (शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं ते उंचवटे), फ्लोअर. धडकेचा जोर हेच भाग झेलतात. एकदा दुमडून सरळ केलेला पत्रा पुढच्या धडकेत ठरल्याप्रमाणे दुमडेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असतानाच पाहा, कारण ओल्या पत्र्यावर लहरी दिसत नाहीत. आधी बॉनेट आणि फेंडरमधली फट पाहा. ती किती मिलिमीटर आहे यापेक्षा डावी-उजवी जुळते का, हे महत्त्वाचं. मग बॉनेट, दारं आणि डिकीच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. बऱ्याच गाड्यांची बॉडी कारखान्यात दारं-बॉनेट लावूनच रंगते, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर तोच रंग अखंड असतो. कोपऱ्यांवरचा रंग उडून धातू दिसत असेल, तर तिथे पाना लागलाय.

यापेक्षा पक्की खूण दाराच्या चौकटीत मिळते. विकणाऱ्याला सांगून दाराची रबरी बीडिंग हातानेच थोडी ओढून काढा. खाली पत्र्याची उभी कड दिसेल आणि तिच्यावर साधारण सारख्या अंतरावर छोटे गोल खळगे. हे कारखान्यातले स्पॉट वेल्ड. खळग्यांऐवजी वेल्डिंगची सलग फुगीर रेघ, ग्राइंडरचे ओरखडे किंवा ब्रशने फासलेला जाड सीलंट दिसला, तर तो पिलर कापून पुन्हा जोडलेला असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या बाजूची बीडिंगही काढून तुलना करा. असंच डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात आणि बॉनेटखाली सस्पेंशनच्या टॉवरवर पाहा. स्टेपनीचा खड्डा चुरगळून सरळ केला असेल, तर मागून बसलेला दणका तिथे हमखास दिसतो.

रंगाची जाडी मोजायचं गेज मिळालं तर वापरा. कारखान्याचा रंग साधारण 80 ते 160 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतो. 250-300च्या पुढे गेला तर पुन्हा रंगवलंय. 600, 1000 असे आकडे आले तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. पहिलं माप छतावर घ्या, कारण छत सहसा पुन्हा रंगवलं जात नाही, आणि बाकी आकडे त्याच्याशी ताडून पाहा. छताचाच आकडा मोठा आला, तर गाडी उलटली होती का, हा प्रश्न उभा राहतो. नुसत्या लोहचुंबकावर विसंबू नका. तो प्लॅस्टिकवर आणि अॅल्युमिनियमवर काहीच सांगत नाही.

आता एअरबॅग. इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटलाच नाही तर तो काढून टाकलेला असू शकतो. इंजिन ऑइलच्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझत असेल, तर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडल्याचा संशय घ्या. एअरबॅगचा दिवा त्या यंत्रणेची तपासणी संपली की स्वतःच्या वेळेने विझतो. सीटबेल्टच्या तळाशी बहुधा तारखेचं लेबल असतं. ती तारीख गाडीच्या उत्पादनानंतरची निघाली तर बेल्ट का बदलला, ते विचारा. जोराच्या धडकेत एअरबॅगसोबत बेल्टचा ताणकही (बेल्ट झटक्यात आवळणारा भाग) उडतो आणि तो पुन्हा वापरता येत नाही.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गेलेली गाडी धुऊन, पुसून, सेंट मारून विकतात म्हणे. ती कशी ओळखायची?

उत्तर : सेंटचा भपकारा हीच पहिली खूण. काचा बंद करून दहा मिनिटं हीटर चालवा. कुबट वास वर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वापरात बाहेर येणारा भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आत राहणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. सीटच्या रुळांचे बोल्ट, सीटखालच्या स्प्रिंगा आणि डॅशबोर्डखालचे पत्र्याचे ब्रॅकेट टॉर्चने पाहा. वरून चकचकीत असलेल्या गाडीत तिथे गंज असण्याचं कारण नाही. कार्पेटची कड उचलून खालच्या फोमवर टिश्यू पेपर जोरात दाबा आणि त्याला ओल लागते का ते पाहा. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट पूड दिसली, तर गाडी तिथेच सोडा.

यात आम्ही ठाम आहोत. ठोकलेली गाडी नीट दुरुस्त होऊ शकते; डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी घरच्या वापरासाठी घेऊच नये. कनेक्टर आतून कुजायला महिने लागतात, त्यामुळे घेताना सगळं चालतं आणि मग आज काच, उद्या एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), परवा एअरबॅग असं सुरू होतं. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअरजवळ, थेट फ्लोअरवर असतं. समुद्राचं खारं पाणी असेल तर हे कुजणं फार लवकर होतं.

प्रश्न : मीटर मागे फिरवलाय का, हे कसं कळेल?

उत्तर : सर्व्हिसच्या नोंदी, विम्याचे आणि तपासणीचे जुने कागद यांवरचे किलोमीटर तारखेच्या क्रमाने लिहून काढा, आकडा कुठे घसरला ते दिसेल. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू पाहा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात : 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. मीटर वीस हजार दाखवतो आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, हे जुळत नाही.

प्रश्न : गाडी पसंत आहे. कागद मात्र दुसऱ्याच्या नावावर, ‘तो माझा नातेवाईक’ असं विकणारा सांगतो. कर्ज फिटलंय, पण नोंद तशीच आहे. इसार द्यावा का?

उत्तर : आत्ता नको. ज्याच्या नावावर गाडी आहे, त्याला ओळखपत्रासह समोर भेटा. तो हयात नसेल, तर वारसांच्या नावावर रीतसर नोंद झाल्याशिवाय व्यवहार नाही.

कर्ज फिटल्याचं पत्र आणि बोजा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीत बँकेचं नाव असेपर्यंत गाडी मोकळी नाही. ते पत्र खरं आहे का, हे बँकेत स्वतः जाऊन विचारा आणि बोजा विकणाऱ्यालाच उतरवायला लावा. कर्ज थोडं बाकी असेल तर तेवढी रक्कम त्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा.

मग चेसिस नंबर. 17 अक्षरं-अंकांच्या या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. आधी गाडीवरचा नंबर स्वतः लिहून घ्या, मग कागदाशी ताडा. कागद हातात धरून वाचलं की डोळा तोच नंबर वाचतो. पत्र्यावर ठोकलेला, गाडीवर बसवलेल्या ओळखपट्टीवरचा आणि स्कॅनरने इंजिन कंट्रोल युनिटमधून वाचलेला, तिन्ही जुळले पाहिजेत. अंकांभोवती घासलेला पत्रा, ताजा रंग, वेगळेच रिव्हेट किंवा पट्टीभोवती वेल्डिंग दिसलं, तर चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीची ओळख चढवलेली असू शकते. अशा वेळी कितीही स्वस्त असली तरी नको, कारण गाडी जप्त झाली की पैसेही गेले आणि गाडीही.

नोंदणीच्या कागदाची दुय्यम प्रत असेल तर मूळ कागद का हरवला, ते विचारा; मूळ प्रत एखाद्या सावकाराकडे तारण पडलेली असू शकते. विमा कंपनीने गाडी पूर्ण नुकसान म्हणून काढली होती का, हे जुन्या दाव्यांवरून तपासा. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो आणि तो पुसण्यासाठी गाडी वेगळे नियम असलेल्या राज्यात नेऊन नव्याने नोंदवल्याची प्रकरणं झालेली आहेत. म्हणून गाडी अलीकडेच दुसऱ्या राज्यातून आली असेल, तर तिथल्या नोंदीही मागवा.

सगळं जुळलं की इसार द्या, पावतीवर ‘बोजा न उतरल्यास रक्कम परत’ असं लिहून घेऊनच. ताबा घेताना तारखेबरोबर वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. सकाळी झालेला अपघात किंवा दंड कोणाच्या माथी, हे त्या वेळेवरून ठरतं.