होजिचा, म्हणजे जपानचा भाजलेला हिरवा चहा, रोज प्यावा का?

होय, दिवसाला दोन-तीन कप होजिचा बहुतेक निरोगी माणसांना मानवतो. मात्र त्यात कॅफीन नसते, हा समज खरा नाही. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यानुसार १०० मिलिलिटर होजिचात सुमारे २० मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे सेंचा या जपानच्या नेहमीच्या हिरव्या चहाइतकेच आणि कॉफीच्या साधारण एक तृतीयांश. १९२० च्या दशकात क्योतोत रूढ झालेल्या या चहाची जून पाने व देठ सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजल्याने तुरटपणा घटतो, खमंग वास येतो आणि अर्क तांबूस उतरतो. पण कॅटेचिन, म्हणजे हिरव्या चहातील गुणकारी मानली जाणारी द्रव्ये, तीही कमी होतात, त्यामुळे त्याला औषध मानू नये. जपानात तो जेवणासोबतही पितात, परंतु चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते, म्हणून लोहाची कमतरता असणाऱ्यांनी जेवणानंतर तासभर थांबलेले बरे. साखर अर्थातच नको.