शाळेतल्या कोणत्या गोष्टी कॉलेजात आणि नोकरीत खरंच कामी येतात?

अभ्यास तर येतोच, पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एक वही.

मी कळव्याच्या मराठी शाळेतली. नववीत सहलीचे पैसे गोळा करायचं काम बाईंनी माझ्यावर सोपवलं. नाव, रक्कम, सही, असे रकाने आखले होते. शेवटच्या दिवशी वहीतल्या बेरजेपेक्षा डब्यात पन्नास रुपये कमी निघाले. मी रडकुंडीला आले. बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "पहिल्या पानापासून पुन्हा बघ." तिसऱ्या खेपेला सापडलं: एकीचा हप्ता दोनदा लिहिला होता. आज ऐरोलीच्या ऑफिसात बिलं जुळेनाशी झाली की मी घाबरत नाही, पहिल्या पानावर जाते.

कॉलेजात अडचण आली ती बोलण्याची. सेमी-इंग्रजीमुळे गणित-विज्ञानाचे शब्द ओळखीचे होते, पण उठून शंका विचारायला जीभच वळेना. म्हणून दहावीच्या मुलांना कळकळीने सांगते, भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे गुण फुकटचे समजू नका. वर्गासमोर दोन मिनिटं बोलायची सवय शाळेतच लागते, तिथे हसणारेही आपलेच असतात.

आणि आठवीत सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा जरूर द्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शाळेत विचारा, अर्ज तिथूनच भरतात.