समलिंगी, पण कुणाच्या हिशेबानं?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या, मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं हा प्रश्न पाठवला आहे. समुपदेशकांसाठीच्या एका मासिकात ती पारलिंगी स्त्रियांविषयीच्या (जन्मावेळी 'मुलगा' अशी नोंद झाली, पण ज्या स्वतःला स्त्री मानतात त्या) जुन्या-नव्या मानसशास्त्रीय मांडण्यांवर लेख लिहिते आहे. त्यातलं एक वाक्य असं: 'समलिंगी पारलिंगी स्त्रिया पुरुषांकडे आकृष्ट होतात, तर भिन्नलिंगी पारलिंगी स्त्रिया स्त्रियांकडे.' मुद्रितशोधकानं शेजारी लाल खूण केली आणि लिहिलं, 'शब्द उलटसुलट पडलेत.' तिनं मूळ इंग्रजी मजकूर पुन्हा पाहिला, तर तिथंही तसंच आहे. मग चुकलं कोण? तिचा दुसरा प्रश्न 'ऑटोगायनेफिलिया' या शब्दाचा. कच्च्या खर्ड्यात तिनं त्याला 'स्वतःच्या स्त्रीरूपाविषयीची लैंगिक विकृती' असं लिहिलंय, पण मन मानत नाहीये.

ताई, तुमचा अनुवाद शब्दाला शब्द बरोबर आहे आणि मुद्रितशोधकाची शंकाही रास्त आहे. गोम मूळ परिभाषेत आहे, त्यामुळे आधी तिचा उगम थोडक्यात पाहू.

पारलिंगी व्यक्तींची वर्गवारी त्यांच्या लैंगिक आकर्षणावरून करण्याची सवय वैद्यकात जुनी आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० साली आली. तिच्यात पारलिंगी व्यक्तींसाठीच्या निदानाचे उपप्रकार पाडताना त्या व्यक्तीचा लैंगिक इतिहास समलिंगी, भिन्नलिंगी की अलैंगिक, हे नोंदवायला सांगितलं होतं. त्याच दशकात टोरांटोच्या क्लार्क इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअट्रीमध्ये मानसशास्त्रज्ञ रे ब्लँचर्ड यांनी आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नावल्यांवरून एक मांडणी केली. त्यांच्या मते पारलिंगी स्त्रिया मुळात दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारातल्या स्त्रियांना फक्त पुरुषांविषयी आकर्षण असतं. बाकी सगळ्या, म्हणजे स्त्रियांकडे, दोघांकडे किंवा कुणाकडेच आकृष्ट न होणाऱ्या, दुसऱ्या प्रकारात. या दुसऱ्या गटाच्या मुळाशी स्वतःला स्त्री म्हणून कल्पिण्यातून येणारी लैंगिक उत्तेजना आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या उत्तेजनेला त्यांनी १९८९ साली 'ऑटोगायनेफिलिया' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'ऑटो' म्हणजे स्वतः, 'गायने' म्हणजे स्त्री आणि 'फिलिया' म्हणजे प्रेम, ओढ.

पहिल्या गटाला ब्लँचर्ड 'समलिंगी' म्हणतात, कारण ते मोजतात जन्मावेळी नोंदलेलं लिंग. जन्मदाखल्यावर 'मुलगा' लिहिलेल्या व्यक्तीला पुरुष आवडतो, म्हणून समलिंगी.

आता 'समलिंगी' हा शब्दच पाहा. यातलं 'सम' एकट्यानं उभं राहत नाही. समवयस्क म्हटलं की कुणाच्या वयाचा, हे ठाऊक असावं लागतं. समलिंगी म्हटलं की कुणाचं लिंग कुणाशी सम, हे आधी ठरलेलं असावं लागतं. तुमच्या वाक्यात एकाच व्यक्तीला दोन शब्दांच्या अंतरावर दोन निरनिराळी लिंगं बहाल झाली आहेत: 'समलिंगी'मध्ये ती पुरुष आहे आणि 'स्त्रिया'मध्ये स्त्री. मुद्रितशोधकाला खटकलं ते हेच. इंग्रजीत हा विसंवाद काहीसा झाकला जातो, कारण तिथं क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत क्रियापदापासून विशेषणापर्यंत पुष्कळ काही लिंगाप्रमाणं बदलतं, त्यामुळे 'ती समलिंगी आहे, तिला नवरा हवा आहे' असं लिहिलं की वाक्य तिथल्या तिथं अडतं.

हा आक्षेप केवळ व्याकरणाचा नाही. भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बेजमिल यांनी १९९७ मध्ये या परिभाषेवर बोट ठेवलं होतं: व्यक्ती स्वतःला काय मानते याला इथं जागाच नाही, आणि 'हे मुळात समलिंगी पुरुषच' असं पुढचं म्हणणं त्या नावातच पेरून ठेवलेलं आहे. हा आक्षेप मला पटतो. ज्या प्रश्नाचा निकाल संशोधनानं लावायचा, तो निकाल वर्गाच्या नावातच देऊन टाकणं बरं नाही. ब्लँचर्ड यांच्या बाजूचं उत्तर असं की वर्ग कारणांच्या शोधासाठी पाडलेत, त्यामुळे जन्मलिंगच धरायला हवं. ठीक. पण मग तसं सरळ म्हणावं. पुरुषांचं आकर्षण असेल तर 'पुरुषांकडे कल असलेल्या' आणि स्त्रियांचं असेल तर 'स्त्रियांकडे कल असलेल्या'. कल कुणाकडे आहे एवढंच यात सांगितलं जातं आणि व्यक्ती स्त्री की पुरुष या वादात भाषा उडी घेत नाही. निदान-पुस्तिकेनंही १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत हेच केलं. समलिंगी-भिन्नलिंगी काढून पुरुषांचं आकर्षण, स्त्रियांचं, दोघांचं, कुणाचंच नाही, अशी नोंद सुरू केली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तर या निदानातून आकर्षणाची ती नोंदच गेली.

एकच शब्द हवा असेल तर 'पुरुषानुरागी' चालेल. दुसऱ्या बाजूला मात्र संधी आडवी येते: स्त्री अधिक अनुरागी, म्हणजे 'स्त्र्यनुरागी'. शुद्ध आहे, पण उच्चारून पाहा. समुपदेशन केंद्रात समोरच्या बाईला हा शब्द ऐकवण्यापेक्षा 'तुमचा कल स्त्रियांकडे आहे का?' हे केव्हाही चांगलं.

पंचवटीत माझ्या ओळखीची एक पारलिंगी स्त्री शिवणकाम करते. तिला मी तुमचं वाक्य वाचून दाखवलं आणि यात ती कुठल्या गटात बसते ते विचारलं. ती कापड बेतत होती. म्हणाली, 'काका, मी नवऱ्याबरोबर राहते. शेजारणी मला वहिनी म्हणतात. ह्या कागदात मी समलिंगी कशी झाले?' मग थोड्या वेळानं, 'आणि माझी गुरुबहीण आहे, तिला पुरुष नकोच वाटतो. ती काय माझ्यापेक्षा कमी बाई?' दोन्ही प्रश्न लेखात घ्यायला तिची हरकत नाही. नाव मात्र नको, असं तिनं बजावलंय.

या शिवणकाम करणाऱ्या बाईचा दुसरा प्रश्न, 'ती काय कमी बाई?', मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण 'ऑटोगायनेफिलिया'चा सगळा वाद तिथंच आहे. या एका शब्दात दोन गोष्टी गुंडाळल्या आहेत. एक, अनुभव: स्वतःला स्त्रीरूपात कल्पून कुणाला उत्तेजना येते. दुसरी, दावा: हा अनुभव हेच त्या व्यक्तीच्या पारलिंगी असण्याचं मूळ कारण आहे. अनुभव काही जणींना येतो, हे टीकाकारही नाकारत नाहीत. ॲन लॉरेन्स या स्वतः पारलिंगी स्त्री असलेल्या डॉक्टरांना तर ब्लँचर्ड यांची मांडणी आपल्या अनुभवाशी जुळणारी वाटली आणि त्यांनी ती हिरिरीनं पुढे नेली. भांडण आहे ते दाव्याशी. जीवशास्त्रज्ञ आणि लेखिका जुलिया सेरानो यांनी २०१० मध्ये नेमका हाच फरक केला. दोन गटांत न बसणारे अपवाद फार आहेत, आणि आधी स्त्री असल्याची जाणीव व मग त्या जाणिवेशी सुसंगत कल्पना असा उलटा क्रमही शक्य आहे, असं त्यांनी दाखवलं. ज्या देहात आपण असायला हवं होतं, त्याच देहात स्वतःला कल्पणं यात नवल ते काय?

त्याआधी २००९ मध्ये चार्ल्स मोझर या डॉक्टरांनी एक साधा पण मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारला: पारलिंगी नसलेल्या स्त्रियांना हे विचारलंय का कुणी? त्यांनी एका रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रियांना पारलिंगी स्त्रियांना विचारतात त्याच धर्तीची प्रश्नावली दिली; २९ जणींनी ती भरून दिली. कधीतरी आलेला अनुभवही धरला तर ९३ टक्के स्त्रिया त्यात बसल्या, वारंवार येणाराच धरला तर २८ टक्के. गट फार छोटा आहे, आणि त्या प्रश्नांनी तीच गोष्ट मोजली जाते का, यावर लॉरेन्स यांनी आक्षेप घेतला. तो आक्षेप तुमच्या लेखात जरूर यावा. पण तुलनेसाठी दुसरा गटच न घेता एखाद्या अनुभवाला पारलिंगी स्त्रियांचं खास लक्षण ठरवता येत नाही, हा मुद्दा त्यानं पुसला जात नाही.

म्हणून माझा सल्ला असा. अनुभवाविषयी लिहाल तिथं वर्णन करा: 'स्वतःला स्त्रीरूपात कल्पून येणारी उत्तेजना'. ब्लँचर्ड यांच्या दाव्याविषयी लिहाल तिथं 'ऑटोगायनेफिलिया' हाच शब्द देवनागरीत ठेवा आणि तो त्यांचा आहे हे वाचकाला कळू द्या. 'आत्मरती' सुचवणारे भेटतील. तो शब्द मराठीत स्वतःवरच भाळलेल्या माणसासाठी रुळलेला आहे, इथं भलताच अर्थ लागेल.

'विकृती' मात्र काढाच. तुम्ही तो का वापरलात ते समजतं, कारण ब्लँचर्ड यांनी हे आकर्षण ज्या वर्गात घातलं, त्या वर्गाला आपल्याकडे सर्रास 'लैंगिक विकृती' म्हणतात. पण आयुर्वेदातली प्रकृतीच्या जोडीची विकृती वेगळी आणि पेपरच्या मथळ्यातली वेगळी. मथळ्यांमधून हा शब्द बलात्काऱ्यांना चिकटलेला आहे. समुपदेशनाच्या मासिकात तो छापला, तर तो वाचून कुणीतरी समोर बसलेल्या बाईकडे त्याच नजरेनं पाहील. वर्गाचं नाव द्यावंच लागलं तर 'पॅराफिलिया' (रूढ चाकोरीबाहेरचं लैंगिक आकर्षण) लिहा आणि एका ओळीत समजावून द्या.

एक शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण शीर्षकात वापरलाय: 'ब्लँचर्ड यांचा सिद्धांत'. मराठीत सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन शेवटाला पोचलेलं. पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो आपण, तो सिद्ध करून दाखवता येतो म्हणून. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल बेली यांनी ही मांडणी सामान्य वाचकांसाठीच्या पुस्तकातून लोकांपुढे नेली, तेव्हा संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे, अर्थशास्त्रज्ञ डिअर्ड्रा मॅक्लॉस्की अशा नामवंत पारलिंगी स्त्रिया तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि संशोधकांतही दोन तट पडले. पुढे २०११ मध्ये नटब्रॉक आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या ५७१ पारलिंगी स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात स्त्रीवेशातून येणारी उत्तेजना आणि कुणाचं आकर्षण आहे यांतला संबंध काही अंशी दिसला, पण वय आणि वंश यांप्रमाणं चित्र बदलत गेलं. दोन कप्प्यांत सगळं बसेना. इतकं वादात असलेल्या गोष्टीला 'मांडणी' म्हणा, फार तर 'उपपत्ती'.

'पारलैंगिक' की 'पारलिंगी', असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. पारलिंगी. लैंगिक म्हटलं की मराठी माणसाच्या मनात कामव्यवहार येतो, आणि ओळख व आकर्षण यांची गल्लत तिथूनच सुरू होते. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजावून सांगितल्या आणि आपली ओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच मानला.

'तृतीयपंथी' सरसकट प्रतिशब्द म्हणून नको. आपल्या जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर कोजागिरीला दूरदूरचे तृतीयपंथी येतात, छबिन्याची मिरवणूक निघते. या परंपरेत ओळख सांगायची ती गुरू कोण आणि घराणं कुठलं यावरून. त्या शब्दामागे हे सगळं उभं आहे. टोरांटोच्या दवाखान्यातली प्रश्नावली भरणाऱ्या बाईला तो लावला तर दोघींचीही माहिती चुकते. आणि प्रत्येक पारलिंगी स्त्री काही या परंपरेतली नसते.

तर तुमचं वाक्य असं होईल: 'ब्लँचर्ड यांच्या मांडणीत फक्त पुरुषांकडे कल असलेल्या पारलिंगी स्त्रियांचा एक गट आहे आणि इतर सर्व पारलिंगी स्त्रियांचा दुसरा. पहिल्या गटाला ते जन्मावेळी नोंदलेल्या लिंगावरून समलिंगी म्हणतात.' लांब झालं, पण मुद्रितशोधकाची लाल खूण पडणार नाही. जुन्या शोधनिबंधांतल्या रुग्णकथांमध्ये अशा स्त्रियांचा उल्लेख पुष्कळदा पुल्लिंगी आहे. तुमच्या निवेदनात 'ती आली, ती म्हणाली' असंच ठेवा. अवतरणात मात्र मूळ लेखकाचा 'तो' बदलू नका, आणि तो मुळातलाच आहे असं तिथंच कंसात नोंदवा.