पहिल्या ऑर्डरपर्यंतचा पैसा

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा वाचला. सौर पंप चालवणारा आणि पंप बंद असताना त्याच पॅनलवर कडबा कुट्टी किंवा पिठाची गिरणी फिरवणारा कंट्रोलर, ही कल्पना पक्की आहे. शेतकऱ्याचा पंप वर्षातले कितीतरी दिवस नुसता उभा असतो. माझी हरकत पैशाच्या तक्त्यावर आहे. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच शब्द आहे, 'अनुदान'.

सरकारी मदत तीन ठिकाणी मिळते आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. एक, नमुना बनवायला. दोन, बाजारात उतरायला. तीन, मालाला मागणी तयार करायला. पहिल्या टप्प्यासाठी निधी-प्रयाससारखी योजना पाहा, तिथे १० लाखांपर्यंत मदत असते. २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्जरूपी रक्कम अशी रचना ठेवली होती. मात्र इतर सरकारी योजनांतून आधीच १० लाखांहून जास्त घेतले असतील तर तिथे दार बंद. म्हणून कोणता अर्ज आधी करायचा हे कागदावर ठरव. योजना सध्या खुली आहे का आणि अटी बदलल्यात का, हेही त्याच दिवशी बघ. आणि या पैशातून वर्कशॉप उभं करायचा बेत असेल तर सोड, सीड फंडाच्या नियमात ते बसत नाही.

अनुदानाचं खातं वेगळं ठेव. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला, मागतील तेव्हा प्रत्येक बिल मंजूर खर्चाच्या त्या त्या सदराखाली बसायला हवं, आणि खात्यात साचलेलं व्याजसुद्धा हिशेबात दाखवावं लागतं. पुढचा हप्ता अडकतो तो बहुतेक वेळा इथेच.

आता तुझा खरा ग्राहक कोण ते बघू. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी किमतीच्या १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के, बाकीचं अनुदान. पण शेतकरी तुझा कंट्रोलर विकत घेत नाही आणि महावितरणही नाही. घेतो तो निवड यादीतला पंप पुरवठादार. त्याच्या डोक्यावर पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी असते. तुझा कंट्रोलर दोन हजारांनी स्वस्त आहे याचं त्याला कौतुक नाही. एका तक्रारीसाठी माणूस तालुक्यापासून ४० किलोमीटर गाडी मारत गेला की ते दोन हजार किती टिकतात, हे त्याला पाठ असतं. त्याला विकायचं ते 'फेऱ्या कमी'.

फेऱ्या कशाने वाढतात? थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. २५ अंशाला ६९० व्होल्ट दाखवणारी स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलची माळ) ५ अंशाला ७३० च्या वर जाते. निफाडची जानेवारीतली सकाळ धरून कंट्रोलरमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) निवड, पुण्यातल्या टेबलावरची दुपार धरून नको. उलट विदर्भात मे महिन्यात लोखंडी पेटीच्या आतलं तापमान ६० च्या पुढे जातं, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं. विहीर कोरडी पडल्यावर पंप थांबवायचा तर नुसता करंट बघून भागत नाही, कारण ढग आल्यावर मोटरचा वेग उतरतो तसा करंटही उतरतो आणि पाणी असताना पंप बंद पडतो. फ्रिक्वेन्सीप्रमाणे, म्हणजे मोटरच्या वेगाप्रमाणे, करंटची मर्यादा सरकती ठेव. दोन फेज उलटे जोडले की मोटर उलटी फिरते आणि पाणी धड येत नाही. मुरमाड जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, तिथे वीज कडाडली की बोर्ड गेला. केबलच्या भोकातून पाल आत शिरते, हेही विसरू नको.

गिरणीचं गणित आणखी वेगळं. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणून ढग आला की पंप नुसता हळू चालतो. गिरणीला जवळपास तोच जोर सतत लागतो. भरल्या दळणात ढग आला की ती जागीच अडकते, आणि पुन्हा सुरू करताना दगडांमध्ये दाणे असतातच. दळण काढून मोकळी सुरू करायची, हे कंट्रोलरने स्क्रीनवर मराठीत सांगायला हवं. नाहीतर 'सोलरवर गिरणी चालत नाही' ही ख्याती गावभर व्हायला एक बाजारचा दिवस पुरतो.

म्हणून अनुदानातला मोठा वाटा नमुना देखणा करण्यावर घालू नको, शेतातल्या चाचणीवर घाल. दहा ठिकाणं घे: काही विहिरी, काही खोल बोअर, एखादं गाव जिथे मोबाइलची रेंज येत-जात असते, म्हणजे माहिती पेटीतच साठवून ठेवायची सोय तपासता येईल. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या चाचण्या याच काळात उरकून घे, कारण त्यांच्या रांगेत वेळ जातो आणि सर्किट बदललं की चाचणी पुन्हा करावी लागू शकते.

पैसा कसा लावला यावर तंत्रज्ञानाचं भवितव्य ठरतं, याचे दाखले आपल्याकडेच आहेत. पवनचक्क्यांना आधी घसाऱ्याची करसवलत होती. ती उभारणीवर मिळायची, वीज किती निघते याच्याशी तिचा संबंध नव्हता. २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन आलं तेव्हा निर्मितीला किंमत आली. एलईडी बल्बचं त्याहून वेगळं झालं. सरकारने एकत्र मोठी खरेदी केली आणि २०१४ मधला ३१० रुपयांचा खरेदीभाव २०१६ मध्ये ३८ वर आला. हे वाचून आनंद मानशील, पण तू पुरवठादाराच्या बाजूला आहेस. भाव असा कोसळला तर तुझ्याकडे काय उरेल ते आजच मांडून बघ.

थेट निविदा भरायची हौस असेल तर २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांत स्टार्टअपला आधीच्या उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटीतून सूट देता येते. 'देता येते', द्यावीच लागते असं नाही. निविदेत ते वाक्य आहे का ते आधी शोध.

शेवटी खेळतं भांडवल. समज, २०० नगांची ऑर्डर, नगामागे १२,००० चा माल. म्हणजे २४ लाख आधी घालायचे आणि पुरवठादाराला त्याचे पैसे मिळाल्यावर तो तुला देणार. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, ऑर्डर घेण्याआधी कर. ती असली की कायद्याने ४५ दिवसांच्या पुढे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. पण पहिल्याच ग्राहकाला अशी नोटीस धाडणारा दुसरी ऑर्डर मिळवत नाही, तेव्हा ३० टक्के आगाऊ घेण्याचा आग्रह धर आणि पहिली ऑर्डर २०० ऐवजी ५० ची कर. तक्ता नव्याने मांडून पाठव. त्यात चार महिने एक रुपयाही येणार नाही असं धरून महिन्यागणिक रकाने कर.

तुझा,
हितचिंतक