पुस्तक मिटल्यावर काय येतं?

अभ्यासाच्या अडचणींबद्दल या वेळी आलेली बहुतेक पत्रं पाचवी ते आठवीतल्या मुलांच्या पालकांची आहेत. एक मात्र थेट विद्यार्थ्याचं आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. रोज दोन तास मन लावून वाचते, महत्त्वाच्या ओळींवर रंगीत खुणा करते. विचारलं की 'सगळं येतंय' म्हणते. पेपर हातात आला की मात्र काही आठवत नाही. हा धांदरटपणा म्हणायचा का?

नाही. ती थापाही मारत नाहीये. धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीचं वाटलं की 'येतंय' असा समज होतो. पण रस्त्यात दिसलेला चेहरा ओळखीचा वाटणं वेगळं आणि त्या माणसाचं नाव आठवणं वेगळं. परीक्षेत नाव आठवावं लागतं आणि त्याचा सराव तिनं केलेलाच नसतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. सगळ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं : लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. तुमच्या मुलीला फसवते ती ही पाच मिनिटांची आघाडी.

तेव्हा दोन तासांचे दीड तास करा, पण पद्धत बदला. धड्याचा एक भाग वाचला की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. वाक्यं नीट नसली तरी चालतील, बाण-आकृत्या चालतील. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या शाईनं भरायचं. फिरून वाचायचं ते फक्त हे दुसऱ्या शाईचं. उद्या पुन्हा कोरा कागद, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. हे अंतर मुद्दाम ठेवायचं. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच, निरर्थक अक्षरगट पाठ करून, दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि नंतर मंदावतो. थोडं विसरायला लागल्यावर आठवायचा प्रयत्न केला, तर ते जास्त पक्कं बसतं.

पहिल्या आठवड्यात ती वैतागेल. कागदावर चार ओळी उमटतील आणि 'मला काहीच येत नाही' म्हणून रडूही येईल. तेव्हा तिला सांगा की परीक्षेत जे कळलं असतं ते आज घरी कळलं. रंगीत पेनं फेकून द्यायची गरज नाही. मात्र जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात ओळी रंगवणं आणि पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं, हे दोन वर आले. खुणा करायच्याच तर परिच्छेद पूर्ण वाचून झाल्यावर एकच.

प्रश्न : मुलगा गणिताचे सरावसंच घरी बिनचूक सोडवतो. चाचणीत तशीच गणितं चुकतात. असं का?

कारण सरावसंचाच्या वर उत्तराची किल्ली छापलेली असते. 'शेकडेवारी' असं शीर्षक आणि खाली वीस शेकडेवारीची गणितं! कुठली रीत वापरायची हे ठरवावंच लागत नाही, नुसती आकडेमोड उरते. चाचणीत शीर्षक नसतं. तिथे आधी गणित ओळखावं लागतं आणि मुलं अडतात ती तिथेच.

उपाय सरमिसळीचा. नवा प्रकार शिकताना सुरुवातीची चार-सहा गणितं एकाच जातीची हवीत, त्यात वाद नाही. त्यानंतर मात्र आजच्या प्रकरणातली तीन, मागच्या महिन्यातली दोन आणि त्याआधीची दोन अशी मिसळ करून द्या. डग रोरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांसोबत हा प्रयोग केला (२०१५). महिनाभरानं न सांगता घेतलेल्या चाचणीत मिश्र सराव केलेल्यांची सरासरी ७४ टक्के आली, एकसुरी सराव केलेल्यांची ४२. सराव करताना मिश्र गणितं जास्त चुकतात, वेळ जास्त लागतो आणि घरच्यांना वाटतं की पोरगं मागे पडलं. तो काळ सोसा.

आणखी एक. चुकलेलं गणित नुसतं खोडून बरोबर करू देऊ नका. शेजारी एक शब्द लिहायला सांगा : 'वाचन', 'रीत' की 'आकडेमोड'. महिन्यानं वही चाळली की चूक नेमकी कुठे होते ते त्याचं त्यालाच दिसतं. 'अजून सराव कर' या सल्ल्यातून ते कधीच कळत नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत गेला तरी मी शेजारी बसले तरच अभ्यास करतो. उठले की पेन्सिल फिरवत बसतो. ओरडून थकले.

सुरुवात करणं, आखणी करणं, मोह आवरणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला एकदम मोकळं सोडा, असं मी म्हणणार नाही. पण स्पष्टच सांगायचं तर ही कामं सध्या तुम्हीच करताय, म्हणून त्याला करावी लागत नाहीत.

हळूहळू मागे सरका. सुरुवातीची पाच मिनिटं बसा आणि तीनच गोष्टी विचारा : आज काय करणार, सुरुवात कुठून, आणि झालं हे कशावरून ठरवायचं? 'विज्ञान करतो' हे उत्तर घेऊ नका; 'तिसऱ्या धड्याचे पहिले पाच प्रश्न, पुस्तक न बघता' हे घ्या. मग दुसऱ्या खोलीत जा. शेवटी परत या, पण वही तपासायला नको. 'पुस्तक मिट आणि मला समजावून सांग,' एवढंच. महिन्याभरानं सुरुवातीची पाच मिनिटंही त्याच्यावर सोपवा.

बसायची वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा आधीच्या एखाद्या कामाला बांधा : 'खेळून आलो, हातपाय धुतले, की टेबलाशी.' 'अमुक झालं की तमुक' अशा नेमक्या ठरावाचा उपयोग होतो, हे पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं आणि मग पाच मिनिटं उठणं, एवढं या वयाला पुरे.

आणि २१ दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या एका पाहणीत सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस बुडाल्यानं फारसं बिघडलं नाही. या काळात एखाद्या चाचणीत गुण घसरले तर घसरू द्या. आठवीच्या घटक चाचणीचे गुण पुढे आयुष्यात कोणी विचारत नाही.

प्रश्न : शिकवणीत चाचणी घेऊन सांगितलं की आमची मुलगी 'व्हिज्युअल लर्नर' आहे, तिला फक्त चित्रांतून शिकवा. तसं करावं का?

नको. प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते, कुणाची बघून तर कुणाची ऐकून, असा हा समज आहे. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याचा सगळा पुरावा तपासला आणि अशा शैलीनुसार शिकवल्यानं जास्त शिकता येतं याला पुरेसा आधार सापडला नाही. पद्धत विषयावर ठरते. रक्ताभिसरण आकृतीशिवाय कुणालाच नीट कळत नाही आणि कविता मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिची लय कुणालाच सापडत नाही. एकदा शिक्का बसला की मूल 'ऐकून मला कळत नाही' म्हणत वर्गात लक्ष देणंच सोडतं, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

प्रश्न : मी सहावीत आहे. अभ्यास करताना मेसेज वाजला की बघावासाच वाटतो. आणि गाणी लावली तर चालतील का?

फोन उलटा ठेवून भागत नाही. दुसऱ्या खोलीत ठेव आणि पाच मिनिटांच्या सुट्टीत बघ. मेसेज वाचायला दहाच सेकंद लागतात, पण नंतर 'मी कुठे होतो?' हे शोधण्यात बराच वेळ जातो. गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर येत असेल तर बसण्याआधी तो कागदावर उतरवून घे, म्हणजे 'फक्त गृहपाठ बघतो' ही सबब उरणार नाही. तुलाही आणि घरच्यांनाही! वाचताना किंवा लिहिताना शब्द असलेली गाणी नकोत, कारण त्यांचे शब्द धड्यातल्या शब्दांच्या मध्ये येतात. नकाशा रंगवताना खुशाल लाव.

प्रश्न : प्रकल्प असो की परीक्षा, सगळं आदल्या रात्री. एक-एक वाजेपर्यंत जागरण होतं. काय करावं?

प्रकल्पाची तारीख कळली त्याच दिवशी कॅलेंडर घ्या आणि उलटं मोजा. द्यायच्या दोन दिवस आधी 'पूर्ण', त्याआधी 'लिहिणं', त्याआधी 'माहिती आणि साहित्य'. तारखा मुलांनीच लिहायच्या, भिंतीवर लावायच्या. तुम्ही फक्त 'साहित्य आणलं का?' हे त्या-त्या दिवशी विचारायचं.

झोपेत मात्र तडजोड नको. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरासाठी ८ ते १० तास झोप सुचवली आहे. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. जागरणानं नेमकं तेच मारलं जातं.

आणि उद्याच पेपर असेल, काहीच झालं नसेल, तर? नवा धडा उघडू देऊ नका. अर्धवट येणारे दोन-तीन धडे निवडायचे, प्रत्येकाला एक कोरा कागद, राहिलेलं भरायचं आणि नेहमीच्या वेळी दिवा बंद. सकाळी तेच कागद एकदा नजरेखालून घालायचे.