पाइनवरची रांगेतली अळी आणि आपली घोणस अळी

प्रश्न : मुलगा पोर्तुगालमध्ये शेतावर कामाला आहे. तिथे पाइनच्या झाडाखाली केसाळ अळ्या एकीमागे एक लांबच लांब रांगेने चालल्याचा व्हिडिओ त्याने पाठवलाय. शेंड्याला पांढरी जाळी दिसतात. ही घोणस अळीच का? आपल्याकडे येईल का? – एक शेतकरी, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : नाही, ही घोणस अळी, म्हणजे आपल्याकडे गवतावर-पिकांवर दिसणारी विषारी काट्यांची अळी, नव्हे. २०२२ च्या पावसाळ्यात आपल्या भागात घोणस अळीने जी धास्ती बसवली, त्यानंतर शंका येणं साहजिक आहे. व्हिडिओतली अळी थॉमेटोपोइया पिटिओकॅम्पा या पतंगाची. दक्षिण युरोप आणि उत्तर आफ्रिकेतल्या पाइन व देवदाराच्या जातीच्या झाडांवर ती जगते. ऊस, सोयाबीन, तूर तिच्या कामाची नाहीत, त्यामुळे आपल्या पिकांना तिची भीती नाही.

मुलाने मात्र जपायला हवं. घोणस अळीचे काटे टोचतात ते अंगाला लागली तरच. पाइनवरच्या अळीचे बारीक केस मात्र सुटून वाऱ्यावर उडतात. हात न लावताही अंगाला खाज, डोळ्यांची आग, दम लागणं असे त्रास होतात. रिकाम्या जाळ्यातही ते केस राहतात. म्हणून जाळं काठीने पाडू नये, पेटवून तर मुळीच देऊ नये. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा आणि भरपूर पाण्याने धुवा. शेतावर कुत्रा असेल तर रांगेपासून लांब बांधा. कुत्र्याने अळी चाटली की जीभ सुजते, कधी तिचा तुकडाच सडून गळतो. अशा वेळी तोंड पाण्याने धुऊन लगेच पशुवैद्य गाठावा.

अळ्या हिवाळाभर जाळ्यात राहतात, रात्री बाहेर पडून पाइनची पानं खातात. हिवाळा सरताना रांगेने खाली उतरून मातीत कोष करतात. काही कोष तर वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात, म्हणून एका हंगामात सुटका होत नाही. तिथले लोक खोडाला पट्टा बांधून त्याला माती भरलेली पिशवी जोडतात. उतरणाऱ्या अळ्या पिशवीतच अडकतात. अळी लहान असताना, म्हणजे शरद ऋतूत, अळ्या मारणाऱ्या बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) जिवाणूची फवारणी करतात. उन्हाळ्यात नर पतंगांसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नराला ओढणारे) लावतात. ही कामं मालकाने जाणकाराकडून करून घ्यावीत, मुलाने स्वतः झाडावर चढू नये.

तुमच्या बांधावर पावसाळ्यात घोणस अळी दिसलीच, तर गवत उघड्या हाताने उपटू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.